अळिंबी संशोधनाचा क्रम आपल्या उन्हावरून आणि आपल्या कुटारावरून ठरावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यातील चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन व विकास समिती, जिला कृषी क्षेत्रात सगळे ‘जॉइंट अ‍ॅग्रेस्को’ म्हणूनच ओळखतात, दरवर्षी नवे वाण, अवजारे आणि तंत्रज्ञानाच्या शिफारशी तपासून मंजूर करते. कापूस, सोयाबीन, ऊस, कांदा यांच्या गर्दीत अळिंबीच्या (मशरूमच्या) वाट्याला तिथे फारसा वेळ येत नाही. अळिंबी हा जोडधंदा आहे आणि त्याला हवे असते ते प्रशिक्षण, अशीच आपल्याकडची सर्वसाधारण समजूत आहे. प्रशिक्षणे खरोखरच भरपूर होतात. कृषी विज्ञान केंद्रे घेतात, महाविद्यालये घेतात, खासगी वर्ग तर गावोगावी निघाले आहेत. मात्र या वर्गांत जे शिकवले जाते ते कोणत्या संशोधनावर उभे आहे, ते संशोधन कोणत्या हवामानात झाले आणि आमच्या शेडमध्ये पीक नेमके जिथे बिघडते तिथे ते उपयोगी पडते का, हे विचारले जात नाही. वर्धा जिल्ह्यात धिंगरी (ऑयस्टर) आणि दुधी (मिल्की) अळिंबी पिकवणारा एक लहान उत्पादक या नात्याने, आणि आसपासच्या बचत गटांच्या अडचणी जवळून पाहिल्यामुळे, हा प्रश्न आपल्या वृत्तपत्रातून मांडणे मला आवश्यक वाटते.

या विषयात देशात झालेल्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. हिमाचल प्रदेशातील सोलन येथे १९६१ मध्ये बटन अळिंबीच्या लागवडीचे प्रयत्न सुरू झाले, १९८३ मध्ये तेथे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आणि २००८ मध्ये त्याला अळिंबी संशोधन संचालनालयाचा दर्जा मिळाला. अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन प्रकल्पाचे केंद्र पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आहे आणि महाराष्ट्रात आज जे धिंगरी उत्पादक आहेत, त्यांतील असंख्य जणांचे पहिले धडे तिथेच झाले. तरीही देशातील अळिंबीचे चित्र बटनभोवतीच फिरत राहिले. संचालनालयातील शास्त्रज्ञांनीच २०१७ मध्ये मांडलेल्या आकडेवारीनुसार देशातील उत्पादनात बटनचा वाटा सुमारे ७३ टक्के होता, धिंगरीचा १६, पेंढ्यावरील अळिंबीचा ७ आणि दुधी अळिंबीचा अवघा ३ टक्के. बटनला फळधारणेच्या काळात १४ ते १८ अंश सेल्सिअस तापमान लागते. सोलन समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे, तिथे वर्षातील बरेच महिने ही थंडी निसर्गच देतो. विदर्भात आणि मराठवाड्यात मात्र ती विजेचे बिल भरून विकत घ्यावी लागते.

बटनचे मोठे प्रकल्प राज्यात उभे राहिले आहेत, ते चांगले चालावेत अशीच माझी इच्छा आहे. पण सार्वजनिक पैशातून होणाऱ्या संशोधनाने आधी कोणाकडे पाहावे, हा वेगळा प्रश्न आहे. बटनच्या मागे जगभरातील खासगी स्पॉन (म्हणजे अळिंबीचे बियाणे) कंपन्यांचे संशोधन आहे. नेदरलँड्समधील हॉर्स्ट येथे गेर्डा फ्रित्शे यांनी विकसित केलेले ‘यू-१’ आणि ‘यू-३’ हे संकरित वाण १९८० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आले आणि आज जगात विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या बटनच्या बहुतेक वाणांचे मूळ तिथेच पोहोचते. पाश्चरायझेशनचे बोगदे आणि शीतगृहे उभारू शकणारा उद्योजक वाण विकत घेऊ शकतो, सल्लागार नेमू शकतो, कंपोस्टची तपासणी करून घेऊ शकतो. टिनाच्या शेडमध्ये कुटार (पिकाचा भुसा) भरलेल्या शंभर-दोनशे पिशव्या टांगणाऱ्या बाईला यातले काहीच विकत घेता येत नाही आणि तिच्यासाठी संशोधन करायला कोणती कंपनीही पुढे येणार नाही, कारण त्यात नफा नाही. विद्यापीठांनी क्रम लावताना ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी, असे मला वाटते.

या क्रमात माझ्या मते सर्वांत वरचे स्थान स्पॉनचे आहे. ज्वारीच्या किंवा गव्हाच्या दाण्यावर वाढवलेले हे बियाणे आम्ही पिशवीतून आणतो. ती पिशवी बाहेरून पांढरी दिसते, आणि तिच्याबद्दल आम्हाला एवढीच माहिती असते. आतला वाण कोणता, मूळ कल्चरपासून (प्रयोगशाळेत जपलेल्या शुद्ध बुरशीपासून) ही कितवी पिढी, दाणा कधी उकळला आणि त्यावर बुरशी केव्हा रोवली, तयार झाल्यावर पिशवी कोणत्या तापमानाला आणि किती दिवस ठेवली, यांपैकी बहुतेक गोष्टी बहुतेक पिशव्यांवर छापलेल्या नसतात. एकच कल्चर पुन्हा पुन्हा उपसंवर्धित करत गेले की त्याचा जोम कमी होतो, कधी बुरशीची वाढ कापसासारखी फुगते आणि फळ धरत नाही, हे या शास्त्रातील जुने ज्ञान आहे. तरीही ही घसरण किती पिढ्यांनंतर सुरू होते, आपल्याकडे चालणाऱ्या प्लुरोटस फ्लोरिडा, सजोर-काजू आणि गुलाबी धिंगरी या प्रत्येक वाणात ती कशी दिसते आणि स्पॉन बनवणाऱ्या लहान प्रयोगशाळेने ती वेळीच कशी ओळखावी, याविषयी महाराष्ट्रातील परिस्थितीत पद्धतशीर काम होणे गरजेचे आहे. बियाणे कायदा, १९६६ मध्ये स्पॉनचा उल्लेख नाही. सोयाबीन उगवले नाही तर शेतकरी पंचनाम्याची मागणी करू शकतो. स्पॉन वाया गेले तर उत्पादकाला ‘तुमची स्वच्छता कमी पडली’ एवढेच ऐकून घ्यावे लागते, आणि खरोखर स्वच्छता कमी पडली की बियाणेच मेलेले होते, हे सिद्ध करण्याचे साधन त्याच्या हातात नसते.

हे साधन हीच पहिली संशोधनाची मागणी आहे. गावपातळीवर दोन-तीन दिवसांत करता येईल अशी स्पॉनची जिवंतपणाची आणि शुद्धतेची चाचणी विद्यापीठाने विकसित करून तिची शिफारस द्यावी. त्याच्या जोडीला राज्यात विकल्या जाणाऱ्या स्पॉनचे नमुने गोळा करून त्यांची जनुकीय ओळख पटवण्याचे काम हाती घ्यावे. एकच वाण तीन नावांनी विकला जातो की तीन वाण एकाच नावाने, हे त्याशिवाय कधीच कळणार नाही. वाहतुकीचाही स्वतंत्र अभ्यास हवा. एप्रिल-मेमध्ये स्पॉन पुण्याहून किंवा नागपूरहून एसटीच्या पार्सलमधून येते. त्या दिवसांत डिकीतले तापमान कुठवर जाते हे विदर्भात कोणाला सांगायला नको. धिंगरीची बुरशी चाळीस अंशांच्या वर काही तास राहिली तर ती दुबळी होते किंवा मरते. ती पिशवी मात्र दिसायला पांढरीच राहते. पेंढ्यावरील अळिंबीचे नेमके उलटे आहे. तिचे स्पॉन शीतकपाटात ठेवले तर तिथेच मरते, आणि तरीही ‘स्पॉन फ्रिजमध्ये ठेवावे’ अशी सरसकट सूचना मी छापील पत्रकात वाचली आहे. कोणत्या वाणाचे स्पॉन किती तापमानात, किती तास आणि किती दिवस टिकते याचा साधा तक्ता आमच्या उन्हाळ्याच्या तापमानांवर आधारून तयार झाला, तरी अनेक घरांतील नुकसान थांबेल.

स्पॉनशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ट्रायकोडर्मा ही बुरशी हरभऱ्याच्या मर रोगापासून कपाशीच्या मूळकुजीपर्यंत अनेक रोगांवर जैविक नियंत्रक म्हणून विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे मोठ्या प्रमाणावर तयार करतात, आणि ते उत्तम काम आहे. पण अळिंबीच्या पिशवीत दिसणारी हिरवी बुरशी बहुतांशी याच कुळातील असते. बटनच्या कंपोस्टमध्ये ट्रायकोडर्मा अ‍ॅग्रेसिव्हम या प्रजातीने १९८० च्या दशकात आयर्लंड-ब्रिटनमध्ये आणि पुढे उत्तर अमेरिकेत हाहाकार माजवला होता. धिंगरीवर हल्ला करणाऱ्या ट्रायकोडर्मा प्ल्युरोटी आणि प्ल्युरोटिकोला या प्रजाती तर शास्त्राने या शतकातच वेगळ्या ओळखल्या. महाराष्ट्रातील शेडमध्ये यांपैकी कोणती प्रजाती आहे, ती कुटारातून येते, पाण्यातून येते की स्पॉनमधूनच येते, आणि शेतात वापरलेला जैविक ट्रायकोडर्मा शेजारच्या अळिंबी शेडला अपाय करतो की नाही, या प्रश्नांची उत्तरे वनस्पती रोगशास्त्र विभागांना देता येतील. त्यांच्याकडे ट्रायकोडर्माचे ज्ञान आधीच आहे. एकाच इमारतीत, एकाच रोवणी कक्षात ट्रायकोडर्मा आणि स्पॉन ही दोन्ही उत्पादने घेतली जात असतील तर ते धोक्याचे आहे. याविषयी स्पष्ट नियमावली निघण्यासाठी संशोधनाची वाट पाहण्याचेही कारण नाही.

यानंतर येतो कुटाराच्या निर्जंतुकीकरणाचा विषय, आणि तो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. धिंगरीसाठी सर्वत्र शिकवली जाणारी पद्धत अशी आहे की शंभर लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि सव्वाशे मिलिलिटर फॉर्मालिन मिसळायचे आणि त्यात कुटार सोळा ते अठरा तास बुडवून ठेवायचे. ही पद्धत स्वस्त आहे, इंधन लागत नाही आणि तिने धिंगरी गावागावांत पोहोचवली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मालिनमधील फॉर्माल्डिहाइडला २००४ मध्ये मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. आमच्याकडे हे काम बहुधा स्त्रिया करतात, उघड्या हातांनी आणि बंद खोलीत. डोळे चुरचुरतात, पदर नाकाला लावला जातो, काम चालू राहते. उरलेले शेकडो लिटर पाणी परसातल्या नालीत किंवा सरळ विहिरीच्या बाजूला ओतले जाते. शिवाय एकाच बुरशीनाशकाचा वर्षानुवर्षे वापर केला की बुरशीत त्याच्याविरुद्ध प्रतिकारक्षमता तयार होते. बटनवरील कोरड्या बुडबुड्याच्या रोगात बेन्झिमिडाझोल गटातील औषधांबाबत इतर देशांत हे पूर्वीच घडले आहे. कार्बेन्डाझिम त्याच गटातले आहे.

त्याला पर्याय आहेत, पण त्यांची आपल्या परिस्थितीत पुरेशी तुलना झालेली नाही. गरम पाण्यात कुटार तासभर बुडवणे सुरक्षित आहे, परंतु दोनशे लिटरचे पिंप रोज तापवायला लागणारे सरपण कुठून आणायचे? वाफेची पद्धत कमी पाण्यात होते, तिला छोट्या बॉयलरची गरज असते आणि त्याची सुरक्षितता तपासावी लागते. चुन्याच्या पाण्यात कुटार भिजवून सामू (पीएच) बारापर्यंत नेण्याची थंड पद्धत अनेक देशांतील लहान उत्पादक वापरतात. आपल्याकडील बाजारातील चुन्याची प्रत मात्र ठिकठिकाणी बदलते, त्यातील मॅग्नेशियमचे प्रमाणही सारखे नसते, त्यामुळे एकाला यश येते आणि दुसऱ्याच्या पिशव्या काळ्या पडतात. सौर ऊर्जेवर पाणी तापवण्याचा पर्याय विदर्भाच्या उन्हात स्वाभाविक वाटतो, परंतु धिंगरीचा मुख्य हंगाम पावसाळा आणि हिवाळा असल्याने नेमक्या ढगाळ दिवसांत तो अपुरा पडू शकतो. माझी विनंती अशी आहे की या सर्व पद्धती सोयाबीन, गहू आणि भात या तिन्ही काडांवर, दोन वेगवेगळ्या हंगामांत, प्रयोगशाळेत नव्हे तर प्रत्यक्ष गटांच्या शेडमध्ये एकमेकींशेजारी तपासाव्यात. उत्पादन, बिघडलेल्या पिशव्यांचे प्रमाण, इंधन, पाणी आणि बाईचे श्रमाचे तास अशा पाचही बाबी नोंदवाव्यात. अळिंबीत अवशेष किती उतरतात आणि सांडपाण्याचे काय होते, हेही त्याच प्रयोगात मोजले जावे. फॉर्मालिनमुक्त शिफारस देणे ही माझ्या दृष्टीने आरोग्याची निकड आहे.

आता तापमानाविषयी. दुधी अळिंबी, म्हणजे कॅलोसायबी इंडिका, ही आपल्या देशातील रानातून थेट व्यापारी लागवडीत आलेली अळिंबी आहे. पश्चिम बंगालमध्ये लोक ती रस्त्याकडेने वेचून खात असत. पुरकायस्थ आणि चंद्र या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात तिची शास्त्रीय नोंद केली, आणि तामिळनाडू कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये ‘एपीके-२’ हा वाण दिला, तेव्हा कुठे ती उत्पादकांच्या हाती आली. नोंदीपासून वाणापर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ गेला. म्हणून आज सुरुवात केली तरच आमच्या मुलांना काही मिळेल. दुधी अळिंबीला ३० ते ३५ अंश तापमान आणि ८० ते ८५ टक्के आर्द्रता हवी असते. विदर्भातील एप्रिल-मेची हवा कोरडी असते, त्यामुळे वाळ्याच्या किंवा लाकडी वुलच्या जाळीतून हवा खेचणारा साधा कूलर बाहेरच्या ४४ अंशांत आतले तापमान ३० च्या आसपास आणू शकतो आणि त्याच वेळी आर्द्रताही वाढवतो. जे ३० अंशांचे तापमान इतर अळिंबींना नकोसे होते, ते दुधीला नेमके हवे असते. बटनसाठी त्याच खोलीला १६ अंशांवर न्यायचे म्हणजे वातानुकूलन यंत्र, इन्सुलेशन आणि जनरेटर आला. अडचण आहे ती पाण्याची, कारण कूलर ज्या महिन्यात चालवायचा त्याच महिन्यात गावात टँकर येतो. दर किलो दुधीमागे कूलरला आणि फवारणीला मिळून किती पाणी लागते, ते पुन्हा वापरता येते का, शेडची दिशा, छपरावरील गवताचा थर आणि भिंतीला लावलेले गोणपाट यांनी किती बचत होते, हे कृषी अभियांत्रिकी विभागांचे काम आहे आणि अळिंबीच्या शास्त्रज्ञांनी ते त्यांच्याबरोबर मिळून करायला हवे. दुधीवर मातीचा थर द्यावा लागतो, तिचे पीक धिंगरीपेक्षा उशिरा येते आणि ग्राहक तिला अजून ओळखत नाही, या तिच्या मर्यादा आहेत. पण ती तोडल्यानंतर धिंगरीपेक्षा अधिक दिवस टिकते, आणि नागपूर-वर्ध्याच्या उन्हाळ्यात हे टिकणेच विक्री ठरवते.

कोकणाचे गणित वेगळे आहे. तिथे उष्णतेबरोबर दमट हवा असते, भाताचा पेंढा असतो आणि कूलर निरुपयोगी ठरतो. ओडिशात घरोघरी होणारी पेंढ्यावरील अळिंबी तिथे चालायला हवी, पण ती काही तासांत उमलून खराब होते आणि थंडीत ठेवली तर पाणी सुटून विरघळते. दापोलीच्या विद्यापीठाने याच एका प्रश्नावर लक्ष केंद्रित केले तर ते कोकणाचे मोठे काम होईल. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात हिवाळ्यात बटन नैसर्गिकरीत्याही येऊ शकते. एकच शिफारस साऱ्या महाराष्ट्राला देण्याची सवय अळिंबीत तरी सोडावी लागेल.

याच ओघात रानातील अळिंबीबद्दल सांगितले पाहिजे. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात आणि मेळघाटात पावसाळ्यात निघणारी अळिंबी, वारुळावरचे सात्या, गोव्यातील रोयणीची ओळमी, यांचे स्थानिक ज्ञान वेचणाऱ्या स्त्रियांकडे आहे. वारुळावर येणारी टर्मिटोमायसीस वाळवीशिवाय वाढत नाही, त्यामुळे तिची लागवड हा दूरचा विषय आहे आणि तिच्याबाबतीत आज गरज आहे ती जपणुकीची. मात्र लाकडावर आणि पालापाचोळ्यावर येणाऱ्या खाद्य प्रजातींतून उष्ण हवामानाचे नवे वाण मिळण्याची शक्यता खरी आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह आहे. विद्यापीठांनी वन विभागाच्या आणि ग्रामसभांच्या संमतीने नमुने गोळा करून तिथे जतन करावेत आणि माहिती देणाऱ्या गावाचे नाव आणि हक्क त्या नोंदीत राहावेत. कॅलिफोर्नियातील सोनोरन वाळवंटात १९९० च्या दशकात बटनचा असा एक रानटी प्रकार सापडला, जो २५ अंशांनाही फळ धरतो. तो सापडला कारण कोणीतरी शोधायला गेले होते. बटनवरही महाराष्ट्रात संशोधन करायचेच असेल, तर ते उष्णता सहन करणाऱ्या वाणांच्या या दिशेने व्हावे.

कुटाराबाबत थोडक्यात लिहितो. महाराष्ट्रात सोयाबीन आणि कापूस ही दोन्ही पिके प्रत्येकी सुमारे चाळीस लाख हेक्टर किंवा त्याहून अधिक क्षेत्रावर असतात. सोयाबीनच्या कुटारावर धिंगरी चांगली येते हा सर्वांचा अनुभव आहे, पण त्यात नत्र अधिक असल्याने ते लवकर बिघडतेही. कपाशीची पऱ्हाटी (वाळलेली झाडे) मात्र बहुतेक ठिकाणी चुलीत किंवा बांधावर जाळली जाते. तिचे तुकडे करण्याचा खर्च परवडेल का, ती कुटारात किती प्रमाणात मिसळावी आणि कपाशीवर झालेल्या फवारण्यांचे अवशेष अळिंबीत उतरतात का, हे तिन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतील. अळिंबी कॅडमियमसारखे जड धातू शोषून साठवते. त्यामुळे ‘टाकाऊपासून पौष्टिक’ असे सांगण्याआधी टाकाऊ काय आहे हे तपासणे आपले कर्तव्य ठरते.

धिंगरीच्या बीजाणूंचा त्रासही संशोधनाच्या यादीत असला पाहिजे. वाढलेली धिंगरी रात्रभरात इतके बीजाणू सोडते की सकाळी खोलीत धुके दिसते. बंद खोलीत रोज काम करणाऱ्यांना खोकला, ताप आणि दम लागतो, आणि याला फुप्फुसाच्या अ‍ॅलर्जीचे स्वरूप येऊ शकते. नेदरलँड्समध्ये बीजाणू न देणारी धिंगरी तयार झाली आहे. आपल्याकडील वाणांत तो गुण आणण्याचे काम करण्यासारखे आहे, आणि तोवर वैद्यकीय महाविद्यालयांच्या मदतीने उत्पादकांच्या फुप्फुसांची तपासणी तरी व्हावी.

काढणीनंतरच्या विषयावर मी फार लिहीत नाही, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. एवढेच म्हणेन की बटन पांढरे दिसावे म्हणून ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमध्ये धुण्यापेक्षा धिंगरी योग्य रीतीने वाळवून विकणे ग्राहकाच्या आणि उत्पादकाच्याही हिताचे आहे. सुमारे दहा किलो ताज्या धिंगरीची एक किलो सुकी होते. उन्हात तिच्यातील एर्गोस्टेरॉलचे ‘ड’ जीवनसत्त्वात रूपांतर होते. ते किती तासांच्या उन्हात किती होते आणि पावसाळ्यात साठवणुकीत किती टिकते, हे आपल्या उन्हात मोजले गेले तर त्या पाकिटावर खरी माहिती छापता येईल.

बटनच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून नोंदवावी लागेल. युरोपात केसिंगसाठी, म्हणजे कंपोस्टवर द्यायच्या थरासाठी, पीट (दलदलीतील अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर) वापरतात, आणि आयर्लंड-ब्रिटनमध्ये पीटच्या उपशावर मर्यादा येऊ लागल्यामुळे तेथील संशोधक आता पर्याय शोधण्यात गुंतले आहेत. आपल्याकडे पीट कधी सहज मिळालेच नाही. म्हणून काथ्याचा भुसा, कुजलेले शेणखत आणि जुने वापरलेले कंपोस्ट यांच्या केसिंगचा अनुभव आपल्या शास्त्रज्ञांकडे आधीपासून आहे. एक किलो बटनमागे साधारण पाच किलो वापरलेले कंपोस्ट उरते. त्यातील क्षार धुऊन त्याची केसिंग बनवण्याचे तंत्र पक्के झाले, तर या एका बाबतीत महाराष्ट्राच्या प्रयोगांकडे जगाने पाहावे अशी स्थिती येऊ शकते. कोकणातील काथ्या उद्योगालाही त्यातून काम मिळेल.

शेवटी प्रश्न उरतो तो हा क्रम ठरवण्याचा आणि त्यासाठीच्या पैशाचा. ऑस्ट्रेलियात बटनच्या स्पॉनवर अधिभार आकारला जातो आणि त्यातून उत्पादकांना हवे असलेले संशोधन आणि प्रसाराचे काम चालते. ज्याने जेवढे स्पॉन वापरले त्याचा तेवढा वाटा, अशी ती सरळ व्यवस्था आहे. आपल्याकडे स्पॉनची विक्रीच कुठे नोंदवली जात नसल्याने आज हे शक्य नाही, पण पिशवीवर वाण, पिढी आणि तारीख छापणे बंधनकारक झाले तर त्या नोंदीही आपोआप सुरू होतील. तोवर विद्यापीठांनी स्वतःच्या निधीतून आरंभ करावा. कॉर्डिसेप्ससारख्या औषधी बुरशीची खरेदीची हमी देऊन महागडे स्पॉन आणि प्रशिक्षण विकणाऱ्या जाहिराती सध्या समाजमाध्यमांवर भरपूर दिसतात. त्यांच्या दाव्यांची तपासणी करून निष्कर्ष जाहीर करणे हेही विद्यापीठांचेच काम आहे, कारण गावातील माणूस आजही विद्यापीठाच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

जॉइंट अ‍ॅग्रेस्कोच्या पुढील बैठकीपूर्वी चारही विद्यापीठांनी आपापल्या विभागातील लहान उत्पादकांची, विशेषतः महिला गटांची, प्रत्येकी एक बैठक घ्यावी आणि त्यांना फक्त एवढेच विचारावे की मागच्या हंगामात किती पिशव्या वाया गेल्या आणि कोणत्या टप्प्यावर. त्या उत्तरांवरून प्रयोगांचा क्रम लावावा. प्रयोगांचे निकाल, फसलेल्या प्रयोगांसह, मराठीत आणि हंगामापूर्वी प्रसिद्ध व्हावेत. उत्पादन सांगताना ‘एका खोलीत महिन्याला इतके हजार’ असे न सांगता, एक किलो वाळलेल्या कुटारामागे किती ताजी अळिंबी मिळाली हे सांगावे, म्हणजे वर्ध्याच्या शेडची आणि दापोलीच्या शेडची तुलना करता येईल. वर्धा जिल्ह्यातील आमचे काही गट अशा प्रयोगांसाठी आपली शेड, कुटार आणि नोंदवह्या देण्यास तयार आहेत.

आपला विश्वासू,
एक अळिंबी उत्पादक,
जि. वर्धा